प्रकाशाची कला आणि जिल्ह्याची शांतता

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे गाव महाराष्ट्राला परिचित आहे ते बारा ज्योतिर्लिंगांत गणल्या जाणाऱ्या तेथील प्राचीन मंदिरामुळे आणि विसोबा खेचर व नामदेव यांच्या गुरुशिष्यकथेमुळे. याच तालुक्यात आता प्रकाशाचे आणखी एक ठाणे उभे राहावयाचे आहे. ‘लायगो-इंडिया’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मंजुरी दिली. ११ मे २०२३ रोजी प्रकल्पाची कोनशिला बसविण्यात आली. वेधशाळा २०३० च्या सुमारास कामाला लागावी, असे उद्दिष्ट मंजुरीच्या वेळी सांगण्यात आले होते.

या वेधशाळेत नेमके काय होणार, असे विचारले तर एका वाक्यात उत्तर देता येते: तेथे प्रकाशाची कला मोजली जाईल. पण त्या एका वाक्याने कोणाचेच समाधान होणार नाही. कापसाचा भाव, सोयाबीनची उतरती किंमत आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या या विषयांनी ज्या प्रदेशातील वर्तमानपत्रे वर्षानुवर्षे भरली, त्या प्रदेशात प्रकाशाच्या मोजमापावर २,६०० कोटी रुपये खर्च व्हावेत हे कोणत्या न्यायाने, असा प्रश्न वर्ध्याच्या किंवा हिंगोलीच्या एखाद्या शिक्षकाने विचारला, तर त्याला अडाणी म्हणून गप्प बसविण्याचा अधिकार कोणालाही नाही. प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी मोजावयाची वस्तू कोणती आणि ती मोजणे इतके अवघड का, हे समजून घेतले पाहिजे. वस्तू न पाहता तिची किंमत ठरविणे हा व्यवहार बाजारातही कोणी करीत नाही.

कला म्हणजे काय?

‘कला’ हा शब्द येथे चंद्राच्या कलांवरून आलेला आहे. आज चतुर्थी की अष्टमी हे सांगितले, की चंद्र आपल्या मासिक फेऱ्यात कोठवर आला आहे ते कळते. लहरीचेही तसेच आहे. लहर वर चढते, माथ्यावर पोचते, उतरते, तळाशी जाते आणि पुन्हा वर येते. या फेऱ्यातील तिचे एखाद्या क्षणीचे स्थान म्हणजे तिची कला. औताला जुंपलेले दोन बैल पावलाला पाऊल मिळवून चालत असतील, तर त्यांची कला एक आहे. एक पाऊल उचलत असताना दुसरा टेकत असेल, तर त्यांच्या चालीत कलांतर आहे. दोघांची शक्ती सारखी असूनही तास सरळ जाणार की वाकडे, हे या कलांतरावर ठरते.

प्रकाश ही विद्युतचुंबकीय क्षेत्राची लहर आहे. तिची तीव्रता मोजणे सोपे आहे. डोळा, छायाचित्राची फिल्म, सूर्यघट ही सर्व साधने तीव्रताच मोजतात. कलेची गोष्ट वेगळी. लायगोमध्ये वापरल्या जाणाऱ्या लेसरची तरंगलांबी १,०६४ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे एक हजाराव्या भागाएवढी आहे आणि त्याचे क्षेत्र एका सेकंदात सुमारे २८० लाख कोटी वेळा वरखाली होते. या वेगाने होणाऱ्या चढउताराच्या मागे धावू शकेल असा एकही प्रकाशग्राही नाही. साधनाच्या हाती पडते ती केवळ सरासरी ऊर्जा. लहर माथ्यावर होती की तळाशी, ही माहिती त्या सरासरीत बुडून जाते. आणि प्रकाश किती अंतर चालून आला, वाटेत कशातून गेला, याचा बारीक तपशील तर नेमका त्या कलेतच साठविलेला असतो.

यावर भौतिकीने शोधलेला उपाय साक्षीपुराव्याच्या पद्धतीचा आहे. प्रकाशाची कला प्रकाशालाच विचारावयाची. एकाच किरणाचे दोन भाग करावयाचे, त्यांना निरनिराळ्या वाटांनी पाठवावयाचे आणि पुन्हा एकत्र आणावयाचे. माथ्यावर माथा आला तर उजेड वाढतो. माथ्यावर तळ आला तर उजेडात उजेड मिळवूनही अंधार पडतो. जे कलांतर थेट दिसत नव्हते, ते अशा रीतीने उजेड-अंधाराच्या पट्ट्यांत उतरते आणि डोळ्यांना दिसू लागते. यालाच व्यतिकरण म्हणतात. पावसाळ्यात डांबरी रस्त्यावर सांडलेल्या तेलाच्या थरावर रंगांची वर्तुळे दिसतात, ती हीच. तेलाच्या वरच्या पृष्ठावरून आणि खालच्या पृष्ठावरून परतलेल्या प्रकाशातील कलांतर तेथे रंगाच्या रूपाने प्रकट होते. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून पातळ थराची जाडी रस्त्यावरून जाणाऱ्या शाळकरी मुलालाही अशा प्रकारे ‘दिसते’. फक्त ती जाडी आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

एक अब्जांश लहर

अमेरिकन शास्त्रज्ञ मायकेलसन यांनी १८८१ मध्ये या तत्त्वावर एक उपकरण तयार केले आणि १८८७ मध्ये मॉर्ली यांच्यासह त्याचा प्रसिद्ध प्रयोग केला. पाऱ्यावर तरंगणाऱ्या दगडी शिळेवर त्यांनी आरसे बसविले होते. ‘ईथर’ नावाचे माध्यम विश्वात भरलेले असेल, तर पृथ्वीच्या गतीमुळे पट्टी आपल्या रुंदीच्या सुमारे चार दशांश भागाने सरकावयास हवी होती. ती तशी सरकली नाही. त्या ‘न सरकण्याने’ एकोणिसाव्या शतकातील भौतिकीचा पाया हलविला आणि आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतेला अनुकूल भूमी तयार झाली. पुढे १९१६ मध्ये आइन्स्टाइन यांनीच गुरुत्वीय लहरींची कल्पना मांडली: प्रचंड वस्तुमानांच्या हालचालींमुळे अवकाशच किंचित ताणले व आखडले जाते आणि ती थरथर प्रकाशाच्या वेगाने पसरते.

लायगो हे मायकेलसन यांच्या उपकरणाचेच विराट रूप आहे. काटकोनात असलेल्या प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या, त्यांच्या टोकांना प्रत्येकी सुमारे ४० किलो वजनाचे काचेचे आरसे, आणि दोन्ही नळ्यांतून जाऊन परत येणारा लेसर. प्रकाश प्रत्येक नळीत सुमारे ३०० फेऱ्या करतो, त्यामुळे ४ किलोमीटरची नळी जणू १,२०० किलोमीटरची होते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन्ही लायगो वेधशाळांनी पहिली गुरुत्वीय लहर टिपली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दोन कृष्णविवरांची टक्कर होऊन ती निघाली होती. त्या लहरीने ४ किलोमीटरच्या नळीची लांबी बदलली ती एका प्रोटॉनच्या व्यासाच्या काही सहस्रांश भागाने. ३०० फेऱ्या धरूनही प्रकाशाच्या कलेत पडलेला फरक एका लहरीच्या सुमारे एक अब्जांश एवढाच होता. मायकेलसन चार दशांश पट्टी शोधत होते. त्यांच्या वारसांनी अब्जांश पट्टी मोजली. वाइस, बॅरिश आणि थॉर्न यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते या कामगिरीबद्दल.

नमुना पाहणीचा नियम

एवढे सूक्ष्म मोजमाप शक्य कसे होते, याचे उत्तर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला अपरिचित नाही. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पिकांचे उत्पन्न यादृच्छिक नमुना पद्धतीने काढण्याचे शास्त्र या देशात रुजविले. आजही पीक कापणी प्रयोग त्याच तत्त्वावर होतात आणि पीकविम्याची भरपाई त्यांच्या आकड्यांवर ठरते. या शास्त्राचा एक कठोर नियम आहे. अंदाजातील चूक निम्मी करावयाची असेल तर नमुने दुप्पट घेऊन भागत नाही, चौपट घ्यावे लागतात. चूक दहा पटींनी कमी करावयाची तर नमुने शंभर पट हवेत.

प्रकाशही अखंड धारेने येत नाही, कणाकणाने येतो. प्रत्येक कण हा कलेविषयीचा एक नमुना आहे, आणि कण केव्हा येईल याला नियम नाही, केवळ संभाव्यता आहे. म्हणून कला मोजताना होणारी चूक सुखात्मे यांच्या शेतातल्याप्रमाणेच नमुन्यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. एक वॅट शक्तीच्या अशा लेसरमधून एका सेकंदाला पाचावर अठरा शून्ये एवढे कण बाहेर पडतात. तरीही ते पुरत नाहीत. म्हणून आरशांच्या मध्ये प्रकाश खेळवून त्याची शक्ती लक्षावधी वॅटांच्या घरात नेली जाते. पण तेथेही दुसरी अडचण उभी राहते. एवढ्या कणांच्या माऱ्याने ४० किलोचा आरसाच किंचित हलू लागतो. एका बाजूने चूक कमी करावी, तर ती दुसऱ्या बाजूने आत शिरते.

यावर २०१९ पासून नियमितपणे वापरला जाणारा उपाय तर अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यासारखा आहे. प्रकाशातील मूलभूत अनिश्चितता नष्ट करता येत नाही. निसर्गाचे ते बंधन आहे. पण ती वाटून घेता येते. तीव्रतेविषयीची अनिश्चितता वाढू देऊन कलेविषयीची अनिश्चितता कमी करता येते. अशा प्रकाशाला ‘आकुंचित प्रकाश’ म्हणतात. जे हवे ते मिळविण्यासाठी जे नको ते सोडावे लागते, हा त्यागाचा हिशेब प्रकाशालाही चुकलेला नाही.

मोजमाप हा केवळ शास्त्रज्ञांचा छंद नव्हे, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. हिंगणघाटच्या बाजारात कापूस घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याला धाग्याच्या लांबीतील दोन-तीन मिलिमीटरांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. हमीभावाचा दर्जा त्यावर ठरतो. गावाची पैसेवारी पन्नास पैशांच्या वर लागली की खाली, यावर दुष्काळी सवलती अवलंबून असतात. जो मोजतो त्याच्या हाती सत्ता येते आणि ज्याला मोजता येत नाही त्याला दुसऱ्याच्या मापावर विश्वास ठेवावा लागतो. गावाच्या बाबतीत जे खरे, ते राष्ट्राच्या बाबतीतही खरे आहे.

नागपूरचा हिशेबनीस आणि पुण्याचे गणित

प्रकाशाच्या कलेचा अभ्यास ही परदेशातून आयात झालेली हौस आहे, असे समजण्याचेही कारण नाही. चंद्रशेखर वेंकट रामन हे भारत सरकारच्या वित्त खात्यात नोकरीस होते आणि १९१० मध्ये त्यांची नेमणूक नागपूरच्या महालेखापाल कार्यालयात झाली होती. दिवसा सरकारी जमाखर्च तपासणाऱ्या या अधिकाऱ्याचा १९०६ मध्ये प्रसिद्ध झालेला पहिला शोधनिबंध प्रकाशाच्या विवर्तनपट्ट्यांवर होता. कचेरीतील फायली आणि प्रयोगशाळेतील पट्ट्या एकाच माणसाच्या आयुष्यात नांदू शकतात, हे विदर्भाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पाहिले आहे. रामन यांचे भाचे पंचरत्नम् यांनी १९५६ मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, ध्रुवित प्रकाशाची अवस्था बदलत बदलत ती मूळ पदावर आली तरी त्याच्या कलेत एक अंतर शिल्लक राहते, असे दाखवून दिले. तीन दशकांनी इंग्लंडमधील मायकेल बेरी यांनी हाच विचार व्यापक रूपात मांडल्यावर जगाला त्या निबंधाचे महत्त्व उमगले. पंचरत्नम् तोवर हयात नव्हते. १९६९ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

महाराष्ट्राचा वाटा याहून थेट आहे. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली १९८८ मध्ये पुण्यात आंतरविद्यापीठीय खगोलविज्ञान व खगोलभौतिकी केंद्र, म्हणजेच ‘आयुका’, स्थापन झाले. तेथील संजीव धुरंधर यांनी बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासमवेत १९९१ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. वेधशाळेत टिपला जाणारा संकेत हा गोंगाटात बुडालेला असतो. तो ओळखण्यासाठी अपेक्षित लहरींचे नमुने आधीच गणिताने तयार ठेवावयाचे आणि आलेली नोंद त्यांच्याशी कलेला कला जुळवून पाहावयाची, ही पद्धत त्यांनी विकसित केली. असे नमुने किती लागतील आणि ते कोणत्या अंतराने निवडावेत, याचा हिशेब त्यांनी मांडला. जत्रेच्या गलक्यातही आईला आपल्या मुलाची हाक ओळखू येते, कारण ती हाक तिला पाठ असते. पद्धतीचे मर्म एवढेच आहे. ज्या काळात एकही लहर कोणी पाहिलेली नव्हती, त्या काळात पुण्यात बसून हे गणित झाले होते. २०१५ च्या शोधात भारतीयांचा सहभाग होता तो या पूर्वपुण्याईमुळे, कोणाच्या मेहेरबानीमुळे नव्हे.

आणखी एका वेधशाळेची गरज काय, याचेही उत्तर कलेतच आहे. लहर एका ठिकाणी आधी पोचते, दुसरीकडे काही सहस्रांश सेकंदांनी. २०१५ ची लहर दोन अमेरिकी वेधशाळांत सुमारे ७ सहस्रांश सेकंदांच्या अंतराने पोचली. या अंतरावरून तिची दिशा काढतात. दोनच साक्षीदार असतील, तर आकाशाचा फार मोठा पट्टा संशयित राहतो. ऑगस्ट २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर टिपली गेली तेव्हा इटलीतील ‘व्हर्गो’ हा तिसरा साक्षीदार हजर होता. म्हणूनच जगातील दुर्बिणींना ती टक्कर नेमकी कोठे झाली ते शोधता आले आणि सोने, प्लॅटिनम यांसारखे जड धातू अशा टकरींत घडतात याला पुरावा मिळाला. भारत पृथ्वीच्या पाठीवर इतर वेधशाळांपासून दूर असल्याने औंढ्याचा साक्षीदार मोलाचा ठरणार आहे. २०२५ मध्ये अमेरिकी सरकारच्या अर्थसंकल्पीय प्रस्तावात तेथील दोनपैकी एक वेधशाळा चालविणे थांबविण्याची सूचना आली. श्रीमंत राष्ट्रांच्या औदार्यावर अवलंबून असलेले विज्ञान किती अस्थिर असते, याची ती जाणीव होती.

मगनवाडीचा निकष

आता मूळ प्रश्न. २,६०० कोटींना १४० कोटी लोकसंख्येने भागले तर माणशी अठरा-एकोणीस रुपये येतात, दोन कप चहाची किंमत, असा युक्तिवाद पुष्कळदा केला जातो. हा युक्तिवाद फसवा आहे. १४० कोटींनी भागल्यावर कोणताही खर्च क्षुल्लक दिसतो. निरुपयोगी पुतळाही आणि बुडीत महामंडळही. खर्चाची खरी कसोटी भागाकारात नसून, त्याच पैशाने दुसरे काय करता आले असते, यात आहे.

ही कसोटी लावण्यासाठी वर्ध्याहून अधिक योग्य जागा नाही. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ येथे स्थापन झाला आणि मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांनी त्याचा कारभार सांभाळला. कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्तव्यवहाराचा अभ्यास केलेल्या या अर्थशास्त्रज्ञाने प्रत्येक खर्चाला दोन प्रश्न विचारले: यातून माणसाची शक्ती वाढते की त्याचे परावलंबन, आणि भार कोणावर पडतो व लाभ कोणाला होतो? या विचाराला विज्ञानाचे वावडे होते, हा समज चुकीचा आहे. सुधारित चरख्यासाठी १९२९ मध्ये एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा यंत्राची किंमत, सुताचा नंबर आणि आठ तासांत निघणारी लांबी या अटी आकड्यांत घातलेल्या होत्या. मोजमापाचा तो आग्रहच होता. प्रश्न विज्ञान हवे की नको असा नव्हता. ते कोणाच्या हाती राहणार, असा होता.

पहिल्या प्रश्नाला लायगो-इंडियाचे उत्तर बऱ्याच अंशी समाधानकारक आहे. ज्ञान ही वाटल्याने न घटणारी संपत्ती आहे. बाजार तिची निर्मिती पुरेशी करीत नाही, म्हणून ती सार्वजनिक पैशातून व्हावी लागते, हे अर्थशास्त्राचे मान्य तत्त्व आहे. शिवाय कलेच्या मोजमापाची फळे वेधशाळेच्या भिंतीआड राहत नाहीत. झर्निके यांना १९५३ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते कलांतरावर चालणाऱ्या सूक्ष्मदर्शकाबद्दल. त्यामुळे रंग न देता जिवंत पेशी पाहता येऊ लागली. डोळ्याच्या पडद्याचे थर न कापता दाखविणारे ओसीटी यंत्र व्यतिकरणाच्या तत्त्वावर चालते; मधुमेहाने दृष्टी जाऊ लागलेल्या रुग्णाला त्याचा उपयोग होतो. दूर अंतरावरील प्रकाशतंतूंतून आज जे संदेश धावतात, त्यांतील पुष्कळ प्रकाशाच्या कलेवर कोरलेले असतात. यांपैकी काहीही मायकेलसन यांना ठाऊक नव्हते, आणि अमुक लाभ होईल म्हणून त्यांनी प्रयोग केला नव्हता. मात्र ‘पुढे केव्हातरी उपयोग होईल’ हे वाक्य कोऱ्या धनादेशासारखे वापरता कामा नये. २०१६ च्या मान्यतेपासून २०२३ च्या मंजुरीपर्यंत सात वर्षे गेली. विलंब हाही खर्चच असतो, आणि अंदाजपत्रकात त्याच्यासाठी रकाना नसतो.

शांततेची किंमत

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र अजून द्यावयाचे आहे. या वेधशाळेला जमीन, वीज, रस्ता लागतो, पण सर्वांत अधिक लागते ती शांतता. लुइझियानातील वेधशाळेला जवळची वृक्षतोड आणि आगगाडी यांचा त्रास झालेला आहे. वॉशिंग्टन राज्यातील वेधशाळेत तर नळीवरचा बर्फ टोचणाऱ्या डोमकावळ्यांचा खटखटाट नोंदींत उमटला होता. औंढ्याची जागा निवडली गेली ती तेथे अवजड वाहतूक, रेल्वे, खाणी आणि कारखाने यांची धडधड कमी आहे म्हणून. हिंगोली परिसराला भूकंपाचे धक्के नवीन नाहीत. २१ मार्च २०२४ रोजी ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. निसर्गाच्या अशा हालचाली आरसे टांगण्याच्या बहुपदरी व्यवस्थेने आणि प्रसंगी काही काळ नोंद थांबवून सोसता येतात. रोजच्या माणसांच्या हालचालीचे मात्र नियमन करावे लागते.

याचा आर्थिक अर्थ स्पष्ट आहे. ज्या भागाला मागास म्हटले गेले, त्याचे मागासपणच येथे गुण ठरले आहे. कारखाने आले नाहीत म्हणून शांतता आहे, आणि शांतता आहे म्हणून वेधशाळा आली. आता ती शांतता टिकविण्यासाठी काही उद्योग, काही रस्ते, काही खाणी यांवर या परिसराला कायमचे पाणी सोडावे लागेल. म्हणजे औंढा तालुका या प्रकल्पात केवळ जागा देत नाही; आपल्या भावी विकासाचा एक वाटा भांडवल म्हणून घालतो आहे. अमेरिकेने यंत्रसामग्री दिली, केंद्राने पैसा दिला, पुणे, इंदूर आणि गांधीनगर येथील संस्थांनी ज्ञान दिले; या सर्वांची नोंद कागदोपत्री आहे. तालुक्याने घातलेल्या शांततेच्या भांडवलाची नोंद कोणत्या खात्यात आहे?

या भांडवलावर लाभांश मागणे हा हट्ट नव्हे, हक्क आहे. तो पहारेकरी आणि हंगामी मजूर यांच्या नोकऱ्यांत संपता कामा नये. ४ किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या जोडावयाच्या, तर सांध्यांतून हवेचा कणही न गळेल असे वेल्डिंग लागते. ते मराठवाडा आणि विदर्भातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत शिकविता येईल. ४ किलोमीटर अंतरात पृथ्वीची वक्रता मीटरभराहून अधिक फरक पाडते. तो सांभाळणारे मोजणीदार येथेच तयार होऊ शकतील. एकदा शिकलेले हे कसब औषध कारखान्यापासून दूध प्रक्रियेपर्यंत सर्वत्र चालते. ज्या कुटुंबांची जमीन या कामी आली, त्यांच्या मुलांना विज्ञानशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातून मिळाल्या पाहिजेत, दानधर्माच्या खात्यातून नव्हे.

आणि महाविद्यालयांचे काय? वर्धा, हिंगणघाट, आर्वी, हिंगोली, वसमत येथील विज्ञानशाखेचा विद्यार्थी व्यतिकरणाचे सूत्र पाठ करतो आणि परीक्षेत लिहून येतो. त्यांतील प्रत्येकाने स्वतःच्या हाताने आरसा फिरवून पट्टी सरकताना पाहिली आहे, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. लेसर आज स्वस्त झाला आहे. दोन-तीन आरसे, अर्धपारदर्शक काच आणि एक जड पाटा एवढ्यावर मायकेलसन यांचे उपकरण टेबलावर मांडता येते. मांडणीवर फुंकर घातली तरी पट्ट्या हलतात. जवळून कोणी चालत गेले तरी थरथरतात. शांतता म्हणजे काय आणि मोजमाप म्हणजे काय, हे त्या एका तासात कळते. २,६०० कोटींच्या शेजारी, दोन्ही विभागांतील प्रत्येक विज्ञान महाविद्यालयाला असे एक उपकरण आणि ते चालविणारा कायम पदावरील शिक्षक देण्याचा खर्च नगण्य आहे. शिक्षकांची पदे रिकामी ठेवून वेधशाळा उभारणे म्हणजे माळवदावर कळस चढवून खालची भिंत ढासळू देणे होय.

हे सर्व मराठीतून व्हावे, हीही अपेक्षा अवास्तव नाही. नारळीकरांनी विश्वाची उत्पत्ती मराठी वाचकाला मराठीत समजावून सांगितली. २०२५ मध्ये ते गेले, पण विषय कितीही कठीण असला तरी भाषा अपुरी पडत नाही, हे दाखवून गेले. कला, कलांतर, व्यतिकरण हे शब्द पाठ्यपुस्तकात आहेतच. त्यांना प्रयोगशाळेचा अनुभव जोडून द्यावयाचा आहे.

लायगो-इंडिया व्हावी की न होवो, हा वाद मंजुरीबरोबर संपला. आणि ती व्हावी हेच उचित आहे. दरिद्री देशाने ज्ञानाची चैन करू नये, हा विचार मान्य केला तर दारिद्र्याबरोबर अज्ञानही पिढीजात होईल. पण वाद संपला म्हणजे हिशेब संपला असे नव्हे. अब्जांश लहरीचा फरक टिपणाऱ्या यंत्राच्या शेजारी राहणाऱ्या माणसाच्या जीवनात किती फरक पडला, हेही तितक्याच काटेकोरपणे मोजले गेले पाहिजे. ते मोजमाप कोणी करावे, केव्हा करावे आणि त्याचा अहवाल कोणासमोर ठेवावा, हे नळीचा पहिला सांधा जोडला जाण्यापूर्वी ठरले, तरच औंढ्याने दिलेल्या शांततेची योग्य किंमत झाली असे म्हणता येईल.